दोन डाव्या बाह्या

कारखान्यात तिला सगळे 'डावी' म्हणत. बारा वर्षं तिनं कोटाची फक्त डावी बाही बेतली आणि शिवली. शेजारच्या मशीनवरची मैत्रीण उजवी करायची, म्हणून ती 'उजवी'. मग एके दिवशी कारखान्याला टाळं लागलं. उजवीनं हाय खाल्ली आणि घरी बसली. डावीनं मात्र पुढच्या खोलीत मशीन मांडलं आणि आल्यागेल्याला सांगून टाकलं, "आता अख्खा कोट शिवते!"

पहिला कोट मुख्याध्यापिकाबाईंचा. कापड त्यांच्या आईनं जपून ठेवलेलं, अगदी मोजकं. उद्या संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ. हा बिघडला तर दुसरा कोट कुणी आपल्याला देणार नाही, हे डावीला पक्कं ठाऊक होतं.

आणि पठ्ठीनं दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या! बारा वर्षांचं वळण, हात बिचारा काय करणार? कापडाची आतली बाजू वेगळी, त्यामुळे एक उलटून लावायचीही सोय नाही. डावी रडली, चांगली पाच मिनिटं हमसून हमसून रडली. मग तोंड धुतलं, बाह्या आणि उरलेली चिंधी न् चिंधी पिशवीत कोंबली आणि तडक उजवीचं घर गाठलं.

उजवीनं दार जेमतेम किलकिलं केलं. "माझ्याच्यानं आता काही होत नाही गं. समजूत घालायला आली असशील तर जा."

"समजूत कसली घालायची? मला उजवी बाही पाहिजे."

डावीनं आत घुसून दोन्ही बाह्या पलंगावर पसरल्या. उजवी बघतच राहिली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा खो खो हसली.

"अगं बये! हा कोट घालणारी बाई काय दोन डाव्या हातांची आहे?"

"हस, हस. पण हात चालव."

उजवीनं एक बाही उचलली, फिरवली, डोळे बारीक केले. "इथे चार बोटं कापड कमी पडतंय. चिंधीचा जोड काखेखाली घेऊ, कुणाच्या बापाला दिसणार नाही. कात्री दे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोट घातला, आरशासमोर दोन्ही हात वर केले आणि जाताजाता बहिणीचाही कोट सांगितला.

"या खेपेला उजवी बाही मी बेतणार," डावी म्हणाली. "तू नुसती समोर बस."

"बसते की," उजवीनं टेप गळ्यात अडकवला. "पण मग डावी मला शिकव."