फाइटच्या हॉलमधली घंटा

शपथ घेऊन सांगते, अगदी घसा ताणून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर मला वितळवा आणि मोरीच्या नळाची तोटी करा, जा!

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. मला घडवणारा ओतारी मोठा हिकमती. फुटक्या तोट्या, तुटक्या कड्या आणि एका बँडवाल्याचा चेपलेला कर्णा त्यानं एकाच भट्टीत घातला, म्हणून माझा आवाज हा असा! खरं तर मला एका शाळेनं मागवलं होतं. पहिल्यांदा वाजले तेव्हा मोठ्या बाईंच्या चष्म्याला तडा गेला, समोरच्या घरात चुलीवरचं दूध फाटलं, आणि वर्गात झोपलेला एक मुलगा उठून पाढे म्हणायला लागला, तो संध्याकाळपर्यंत थांबेना. बाई म्हणाल्या, "न्या बाबा ही अवदसा!"

तिथून मी आले टायरच्या गोदामामागच्या हॉलमध्ये. तिथं मुलामुलींना बॉक्सिंग शिकवायचे. चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी मला एकदा वाजवून बघितलं आणि खूश झाले. "डोक्यात ठोसा बसलेल्यालाही ऐकू जाईल," म्हणाले. रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबाला, दोरखंडाच्या अगदी लगत, त्यांनी मला टांगलं. खाली माझी दोरी, दोरीशी स्टूल, आणि स्टुलावर मास्तरांची थोरली बहीण. तिला सगळा हॉल आत्या म्हणायचा. मांडीवर घड्याळ, हातात दोरी आणि तोंडाला विसावा नाही.

त्या हॉलमध्ये एक शब्द दिवसभर चालायचा : फाइट. मास्तर ओरडले "फाइट!" की ठोसे सुरू, मी वाजले की बंद. पण शब्द काही हॉलपुरता राहत नव्हता. लहान पोरं गेटवर एकमेकांना दम द्यायची, "एक फाइट मारीन ना!" सिनेमाला जाऊन आलेली म्हणायची, "स्टोरी बकवास, फाइट झकास." निवडणूक आली की गोदामातले हमाल म्हणायचे, "यंदा टफ फाइट आहे." आत्या तर मास्तरांना म्हणायची, "भाजीवाल्याशी रोज फाइट मी करते, आणि कप मिळतात तुझ्या पोरांना!" हसत-खेळत वापरायचा शब्द. मला आवडायचा तो.

मग मास्तरांची बायको आजारी पडली.

मी दवाखान्यात गेले नव्हते, पण आत्या मला लिंबाच्या सालीनं घासता घासता सगळं सांगायची. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेशी उभा राहून म्हणायचा, "वहिनी, फाइट करा! हरायचं नाही!" मास्तरही तेच म्हणायचे, हात धरून, दात-ओठ आवळून. एक दिवस ती आत्याला हळूच म्हणाली, "वन्सं, मी काय मारामारीला आलेय का हो इथं? मला जरा पडू द्या ना."

ती गेली. दारात चपला घालताना कुणीतरी म्हणालं, "शेवटी हरली बिचारी."

हे तिच्या लेकीनं ऐकलं. लेक म्हणजे आमची भिंगरी. एका जागी टिकायची नाही, म्हणून हे नाव. त्या दिवसानंतर पोरगी हॉलमध्येच राहायला लागली म्हणा ना! पडली की उठायची, नाक फुटलं की बाहीला पुसायची. कुणी विचारलं, "दुखतंय का गं?" की म्हणायची, "छे!" आणि मास्तरांची मान ताठ व्हायची.

आमच्या हॉलची एक रीत होती. बाहेर सगळीकडे, आपल्या खेळाडूला झेपेनासं झालं की कोपऱ्यातून टॉवेल टाकतात. सामना थांबतो. मास्तरांना ते मान्य नव्हतं. "आमच्याकडे टॉवेल घाम पुसायला," ते सांगायचे. आमच्याकडे थांबवायची फक्त मी, आणि तीही वेळ झाल्यावर. या रीतीचा सगळ्यांना केवढा अभिमान! मलासुद्धा. फुगून मी लाडवासारखी गोल व्हायचे.

मोठ्या शिबिरासाठी निवड व्हायची होती. निवड करणारे साहेब आमच्याच हॉलमध्ये येणार होते. त्याच आठवड्यात सरावात भिंगरीच्या डोक्याला मार बसला. तिनं हसून दाखवलं. पण माझ्या जागेवरून सगळं दिसतं, मित्रांनो. ती पेल्यात पाणी ओतायची ते पेल्याशेजारी पडायचं. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात. मागच्या गटाराशी जाऊन ओकून यायची आणि तोंड धुऊन दोरीवरच्या उड्या मारायची.

आत्याच्याही ते नजरेत आलं.

"अरे, पोरीचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरला दाखव."

"ताई, तू घड्याळ सांभाळ."

"घड्याळ गेलं खड्ड्यात! ती मला 'आई' म्हणाली सकाळी."

मास्तरांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "फायटर आहे ती. होईल नीट."

आत्यानं भिंगरीलाही धरलं. "बाळा, नाही म्हण. मी सांगते तुझ्या बापाला."

"नको गं आत्या," भिंगरी म्हणाली. "मग म्हणतील, हिच्या आईसारखीच."



निवडीचा सामना सुरू झाला. समोर एक उंच मुलगी होती, परगावची, कुणाच्या ओळखीची नाही. पहिली फेरी कशीबशी निघाली. दुसऱ्या फेरीत भिंगरीचा डावा हात खाली लोंबायला लागला. मग ती वळली आणि माझ्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. समोर खांब, आणि ही खांबाशी लढायच्या पवित्र्यात! उंच मुलगी हात उगारून थांबली.

"फाइट!" मास्तर ओरडले. साहेब वहीत काहीतरी टिपत राहिले. आत्याची नजर घड्याळावर, घड्याळात वेळ शिल्लक, आणि हॉलची रीत मोडायची कशी म्हणून हात गोठलेले.

"फाइट!"

आणि मी वाजले! आपणहून! दोरीला कुणाचा हात नव्हता, तरी वाजले, अशी वाजले की गोदामातले टायर गडगडत रस्त्यावर गेले आणि चौकापर्यंत कुणाला आवरेनात!

रीत म्हणजे रीत. घंटा झाली की थांबायचं. भिंगरी मटकन खाली बसली. मास्तर रिंगमध्ये धावले. ग्लोव्हजची नाडी त्यांच्या बोटांना सुटेना, म्हणून त्यांनी दातांनी सोडली. "बाबा," ती म्हणाली, "मी हरले का?" मास्तरांच्या तोंडात नाडी होती. ते नुसती मान हलवत राहिले, नाही नाही नाही.

डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ठोसा बसला असता तर काही सांगता आलं नसतं. भिंगरी वाचली. पण आता तिला बोलताना शब्द शोधावा लागतो, आणि उजेड डोळ्यांना सोसत नाही. ती पुन्हा रिंगमध्ये उतरली नाही.

मास्तरांनी हॉलला कुलूप घातलं. माझ्यावर हिरवा गंज चढला, पोटातल्या लोलकाला धरून कोळ्यानं संसार थाटला. कुणी बघेना, कुणी पुसेना. वाईट दिवस होते ते. पुढं भिंगरीनंच कुलूप काढलं. आता ती लहान मुलांना शिकवते. तिनं माझी दोरी लांब केली आणि रिंगच्या आत सोडली. ज्याला नको झालं त्यानं ओढायची, कोपरानं, दातानं, कशीही. कुणी का म्हणून विचारायचं नाही. मास्तर आता स्टुलावर बसतात. पहिल्यांदा एका पोरानं दोरी ओढली तेव्हा त्यांनी उठून त्याला पाणी दिलं.

तेव्हा मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा. आणि कुणी आजारी असेल, दमलं असेल, तर त्याला "फाइट कर" म्हणण्याआधी जरा त्याच्या तोंडाकडे बघा. त्याला कदाचित पडून राहायचं असेल.

आता एक सांगून टाकते. नळाची तोटी करू नका हं! मी आपणहून वाजले ना, ती थाप होती. घंटा कुठं आपणहून वाजते? त्या उंच मुलीनं भिंगरीवर उगारलेला हात तसाच फिरवला आणि दोरखंडावरून वाकून जिवाच्या आकांतानं ठोसा मला मारला. सगळ्यांच्या देखत. श्रेय मला हवं होतं, म्हणून तिला गाळलं मी.

साहेबांनी तिला तिथल्या तिथं बाद केलं. सामना सोडला म्हणाले. तिची निवडही गेली. पिशवी उचलून निघाली, ती दारातून परत आली आणि आत्याला म्हणाली, "जोरात लागलं का हो तुमच्या घंटेला?"