उजवीकडचा डावा कॅलिपर

गाडी थांबली. उतारावर, माणसांसकट, जिथे थांबायला हवी होती तिथेच थांबली. पण हे अजून घडलेलंच नाही असं समजू या. कारण सकाळी नऊ वाजता गाडीची पुढची दोन्ही चाकं निघालेली होती आणि तिचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबला की चाक पकडून धरणारे चिमटे, दातांचे डॉक्टर असलेल्या दाजींच्या दवाखान्यात, रुग्णाच्या खुर्चीशेजारी ट्रेमध्ये पडले होते.

गाडी मेहुणीची. मेहुणी गुरांची डॉक्टर. पठारावरच्या वस्तीत शेळ्यांना साथ लागली होती, रोज पाच-सहा जात होत्या, आणि बर्फाच्या पेटीतली लस संध्याकाळपर्यंतच टिकणार होती. वरचा रस्ता म्हणजे डोंगराने नाइलाजाने दिलेली परवानगी. तो चढेल अशी ही एकच गाडी. चढायला ब्रेक लागत नाही हे खरं, पण परत खाली यायचा बेत मेहुणीने अजून रद्द केला नव्हता. कॅलिपर गंजून जाम झालेले. दुरुस्तीचं नवं किट घरात आलेलं. आणि एकुलता एक गॅरेजवाला लग्नाला गेलेला. तेही स्वतःच्याच, त्यामुळे बोलावूनही घेता येईना.

"दाजी, तुमच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे," मेहुणी म्हणाली.

"तो तोंडासाठी आहे."

"मग गाडीला आ करायला सांगते."

आतून बायकोचा आवाज आला, "घरातला नळ तीन महिने गळतोय, त्याला यांचा हात लागत नाही. मेहुणीची गाडी आली की लगेच हातमोजे चढले!"

दाजींनी ऐकलं नाही. हे कौशल्य त्यांनी वीस वर्षांच्या संसारात कमावलं होतं.

कॉम्प्रेसरची नळी कॅलिपरच्या, ब्रेकचं तेल आत जातं त्या भोकाला लावली, समोर लाकडाचा तुकडा धरला आणि हवा सोडली. फट्! कित्येक वर्षं न हललेला पिस्टन बाहेर.

"भूल न देता," दाजी पुटपुटले.

आत पिस्टनच्या जागेभोवती एक खाच होती. खाचेत गंजाचा कडक थर. तो पाहून दाजींना भरूनच आलं. आयुष्यभर त्यांनी हेच खरवडलं होतं. फरक इतकाच, की हा रुग्ण मध्येच उठून गुळण्या करत नव्हता. दातांचीच हत्यारं घेऊन त्यांनी दोन्ही खाचा लख्ख केल्या. मग मेहुणीने किटमधून एक काळी रबरी कडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही त्या खाचेत. पॅडल दाबलं की तेल पिस्टनला पुढे ढकलतं, तेव्हा ही जराशी वाकते. पाय काढला की ही सरळ होते आणि पिस्टनला मागे ओढते."

"आणि स्प्रिंग?"

"स्प्रिंग नाही."

"मग कोण ओढतं?"

"हीच की!"

दाजींचा विश्वास बसेना. कडी आणि नवा पिस्टन बसवून त्यांनी कॅलिपर खुर्चीच्या दिव्याखाली धरला आणि फुंकर मारावी एवढीच हवा सोडली. पिस्टन केसभर पुढे आला. हवा बंद. पिस्टन केसभर मागे गेला. कोणी सांगितलं नाही, कोणी हात लावला नाही, तरी गेला. दाजींनी पुन्हा केलं. अकरा वेळा केलं. मग मास्क खाली घेऊन बाराव्यांदा केलं. दोन टनांची गाडी धरायची आणि सोडायची, आणि सोडायचं काम बांगडीएवढ्या रबराकडे!

"दाजी, बर्फ वितळतोय."

कोणता कॅलिपर कुठला, याचा नकाशा दाजींनी आधीच काढून ठेवला होता. मेहुणीने तो बघून दोन्ही कॅलिपर बसवले, बोल्ट आवळले, तेल भरलं. मग एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढायला सुरुवात. दाजी पॅडलवर, मेहुणी चाकाशी.

"दाबा. धरा. सोडा!"

तासभर. बुडबुडे संपले, तरी पॅडल उशीसारखं मऊ. दाजींना तर डुलकी यायला लागली. शेवटी मेहुणी चाकापाशी आडवी झाली आणि तिने कॅलिपरवरून बोट फिरवलं.

"दाजी, एअर काढायचा निपल वर असतो. हवा वर जाते म्हणून. हा खाली आहे."

"मग?"

"मग डावा उजवीकडे गेलाय आणि उजवा डावीकडे. हवा वरच अडकून बसलीय. नकाशात हा कागदाच्या डावीकडे कुणी काढला?"

"तो उजवाच आहे. लिहिलंय की मी खाली."

"ते अक्षर आहे? मला वाटलं तेल सांडलंय! कागदाच्या डावीकडे का काढलात?"

"दातांच्या नकाशात उजवा नेहमी डावीकडेच काढतात. रुग्ण समोर बसलेला असतो ना."

मेहुणीने आभाळाकडे पाहिलं. सगळ्या जगात गाडीला समोरच्या खुर्चीत बसवणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका तिच्या बहिणीने निवडला होता.

पुन्हा खोललं, अदलाबदल केली, पुन्हा एअर काढली. या वेळी पॅडल दगडासारखं लागलं. अंगणात दहा वेळा चालवून, थांबवून पाहिलं. पेटीत बर्फाचे चार खडे उरले होते.

दाजीही सोबत गेले. कारण विचारलं तर म्हणाले, वजन म्हणून. वर एकशेचाळीस शेळ्यांना लस टोचून झाली, तेव्हा पेटीत नुसतं गार पाणी होतं.

मग उतार. वळणापलीकडे रस्ता दिसत नव्हता, दरी मात्र सविस्तर दिसत होती. मेहुणीने पॅडल दाबलं. खडी करकरली आणि गाडी थांबली. दाजींनी दार उघडून खाली पाहिलं. एवढा डोंगर मागून ढकलत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. मेहुणीने पाय उचलला, तशी चाकं अलगद मोकळी झाली. दाजींच्या अंगावर काटा आला. पुढच्या प्रत्येक वळणावर तो नव्याने आला.

"एकवीस दिवसांनी दुसरा डोस," मेहुणी म्हणाली. "येणार ना दाजी?"

दुसऱ्या दिवशी दाजींनी दवाखान्याच्या लेटरहेडवर, या वेळी सुवाच्य अक्षरात, लिहिलं:

"प्रति, मा. कार्यकारी अभियंता, रस्ते विभाग. विषय: पठाराच्या उतारावरील गुरुत्वाकर्षण बंद ठेवणेबाबत. महोदय, शेळ्यांच्या दुसऱ्या डोसच्या दिवशी दुपारी तीन ते पाच या वेळेत सदर उतारावरील गुरुत्वाकर्षण देखभालीसाठी पूर्णपणे बंद ठेवावे. ते शक्य नसल्यास किमान निम्मे करावे, ही नम्र विनंती. ब्रेकबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही."