बहिरूची तीन टोपणं

"हे बघ कुसे, ही उभी बाटली अन् ही आडवी. शिक्का उभीवर मारायचा. काय?"

कॅलेंडरच्या पाठीवर बहिरूने दोन बाटल्या काढल्या होत्या. कुसाबाईने भाकरी थापता थापता मान वर करून त्या बघितल्या.

"कळलं. आठ दिस तेच सांगताय."

गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर उद्या मतदान होतं, आणि मत फक्त बायकांना. आठशे सव्वीस मतदार बायका. निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. पुरुषांनी नुसतं बघत बसायचं. बहिरूला हेच झोंबलं होतं.

आता बहिरू दारुड्या नव्हे, हे त्याचा वैरीसुद्धा सांगेल. सिन्नरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, त्याला केसभर इकडेतिकडे खपायचं नाही. पिणंही तसंच. संध्याकाळी सातला खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून तीन टोपणं, वर पाणी, आणि साडेसातला जेवण. चौथं टोपण कधी नाही. रीतसर परवाना काढलेला. कुणाला शिवी नाही, बायकोवर हात नाही. शेजारच्या पुंजासारखं गटारात लोळणं तर लांबच राहिलं. त्या पुंजाचीच बायको, भागीबाई, सह्या गोळा करत दारोदार फिरली होती.

"पुंजा लोळतो म्हणून माझं बंद? ही कुठली लोकशाही? मी माझ्या घरात, मापात पितो. कुणाला तरास देतो का? तूच सांग."

"नाय," कुसाबाई म्हणाली. "तुम्ही कुणाला तरास देत नाय."

बहिरूचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून अधिकारी आले, शाळेत पेट्या लागल्या. कुसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली आणि मत देऊन आली. संध्याकाळी निकाल लागला. आडवी, चारशे सदतीस! बायकांनी शाळेचं आवार डोक्यावर घेतलं. बहिरू फाटकाबाहेरूनच मागे फिरला.

"हरलो आपण," घरात शिरताच तो म्हणाला. "तू एकटी तरी काय करणार म्हणा."

कुसाबाई लसूण सोलत होती. "मी आडवीवर मारला."

"आँ? चुकून?"

"चुकून कसा? तुम्ही चित्र चांगलं काढलं होतं."

बहिरू मटकन खाटेवर बसला. "अगं, पण मी कधी तुझ्या अंगावर हात टाकला? कधी चौथं टोपण घेतलं?"

"नाय ना. मीच मोजते की रोज. तुम्ही वतायला लागले की मी चुलीपुढं बसून मोजते. तिसरं झालं की बूच लावल्याचा आवाज येईस्तोवर माझा जीव टांगणीला. माझा बाप बी आधी मापातच प्यायचा. एकतीस वर्षं झाली, सातच्या टायमाला मी कुठं गेले नाय. ना कुणाचं हळदीकुंकू, ना कुणाच्या दारात दोन घटका."

बहिरूला वाटायचं, हिला घर सोडवत नाही. चारचौघांत तो ते कौतुकाने सांगायचासुद्धा. आता त्याला लाज वाटली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"मंग सांगायचं ना मला!"

"काय सांगायचं? तुम्ही तर मापातच पित होते."

घरातली बाटली कालच संपली होती. पण सिन्नरची शेवटची बस अजून जायची होती. तिथली दुकानं उघडी होती, परवाना खिशात होता. निघाला असता तर कुसाबाईने अडवलंही नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सात वाजत आले. कुसाबाईने हात धुतले, पदर सारखा केला आणि पायात चपला सरकवल्या.

"भागीबाईकडं बायका जमल्यात. जाऊन येते. भाकरी झाकून ठेवलीय."

"जा," बहिरू म्हणाला. ती दाराबाहेर पडताना पुन्हा म्हणाला, "सावकाश ये."

फाट्यावर बसने हॉर्न दिला. बस थांबली, निघून गेली. बहिरू उंबऱ्यावर बसून राहिला. गल्लीच्या टोकाला कुसाबाई कुणाशी तरी बोलत उभी होती. बोलता बोलता ती मोठ्याने हसली. घराकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.