ऑपरेटर ब

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन बसायचं म्हणजे खायचं काम नाही, हे ताईंना पहिल्याच परीक्षेत कळलं होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. आता मुख्य टेक्निशियनची खुर्ची रिकामी होणार होती आणि त्या खुर्चीला एम.एस्सी. हवी होती. म्हणून नोकरी सांभाळून क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीचा तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारला क्लास. पावणेचारची बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं. घरी दहावीतली मुलगी “आई, होमवर्क झाला का?” म्हणून चिडवायची, आणि क्लासच्या दिवशी भात नवरा लावायचा. त्या भाताबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, असा घरात अलिखित करार होता.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला. विषय निवडताना ताईंच्या मनात जरा काळंबेरं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

लॅबमध्ये आणखी एक टेक्निशियन होती. तिला सगळे वावटळ म्हणत. पस्तिशीची, घरी दोन लहान मुलं, सदा धावपळ. चष्मा डोक्यावर सरकवून टेबलावर शोधायची. कामात नुसती धांदल आणि वर तपासणीचं महागडं रसायन, रीएजंट, वाया घालवते, ही ताईंची तिच्याबद्दलची जुनी तक्रार. त्यात खुर्चीसाठी तिचंही नाव घेतलं जात होतं. तेव्हा लॅबमधल्या चुका मोजणारा प्रोजेक्ट घेतला तर पदवीही मिळेल आणि वावटळीचा धांदरटपणा आकड्यांनिशी लॅबप्रमुख साहेबांसमोर जाईल. एका दगडात दोन पक्षी मारायचा बेत होता तो.

मोजायचं काय, तर कंट्रोल. रुग्णांचं रक्त मशीनमध्ये घालण्याआधी एक असा नमुना घालतात, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. मशीनने ते उत्तर बरोबर दिलं, तर पुढच्या रिपोर्टांवर भरवसा ठेवायचा. चुकवलं, तर थांबायचं, कारण शोधायचं, मशीनला खरं माप नव्याने शिकवायचं. त्याला चाळीस मिनिटं लागतात आणि थोडं रीएजंट जातं. हा झाला पुस्तकातला नियम. लॅबमधला नियम दोनच शब्दांचा होता: पुन्हा लाव. कंट्रोल चुकला की तोच पुन्हा लावायचा. दुसऱ्या खेपेला नाही तर तिसऱ्या खेपेला आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत येतोच. आला की रजिस्टरमध्ये तेवढाच लिहायचा आणि कामाला लागायचं.

ताईंनी सहा महिन्यांचं रजिस्टर गाइड मॅडमना नेऊन दाखवलं. मॅडम वयाने त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, पण नजर करडी.

“हे फारच छान दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “इतकं छान कधी नसतं. तुम्ही लोकांनी टाकून दिलेले आकडे कुठे आहेत?”

“ते लिहीत नाही आम्ही.”

“तुम्ही लिहीत नाही. मशीन लिहितं. मशीनच्या कंपनीच्या इंजिनिअरला विचारा.”

इंजिनिअरने पंधरा मिनिटांत सगळं काढून दिलं. प्रत्येक कंट्रोल, पहिला, दुसरा, पाचवा, तारीख, वेळ, आणि बटण दाबणाऱ्याचा क्रमांक. ताई मनातून हरखल्या. वावटळीचा क्रमांक सात होता.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यांनी मोजायला घेतलं. सात क्रमांकाने सहा महिन्यांत अकरा वेळा चुकलेला कंट्रोल पुन्हा लावला होता, आणि अकराही वेळा आधी मशीनला नव्याने शिकवलं होतं. वाया गेलेलं रीएजंट ते हेच. चार क्रमांकाने त्रेसष्ट वेळा नुसतं पुन्हा लावलं होतं. त्रेसष्टातल्या एकावन्न वेळा मंगळवारी किंवा शुक्रवारी, दुपारी दोन ते तीनच्या मध्ये.

चार क्रमांक ताईंचा होता.

त्यांनी फाइल बंद करून पुन्हा उघडली. आकडे तसेच होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला भिंग घेऊन बसावं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ हाताला लागावं, तशी गत. इतरांनीही थोडंफार तेच केलं होतं, पण थोडंफार. क्लासच्या दिवशी दुपारी रीएजंटची नवी बाटली लावली की मशीनला शिकवायलाच हवं, हे त्या स्वतः नव्या मुलींना घसा फोडून सांगत. पण चाळीस मिनिटं म्हणजे बस गेली. मग पुन्हा लाव.

“अगं, चहा निवतोय,” नवरा म्हणाला.

“निवू दे,” ताई म्हणाल्या. त्यांनी रुग्णांच्या रिपोर्टांची फाइल उघडली. कारण एवढ्यावर भागणार नव्हतं. त्या दुपारी मूत्रपिंडाची तपासणी, क्रिएटिनिन, खरं होतं त्यापेक्षा कमी येत होतं. फार नाही, दीडच्या जागी एक पॉइंट तीन. पण एक पॉइंट तीनपर्यंत नॉर्मल आणि दीडला डॉक्टर भुवया उंचावतो. ज्याला सावध करायला हवं होतं त्याला त्यांनी सही करून ‘सगळं ठीक’ असा कागद दिला होता. असे किती असू शकतील, ते त्यांनी शोधून काढलं. एकतीस जण होते. नमुने सात दिवसांनी फेकून देतात, तेव्हा पुन्हा तपासायला हाती काहीच उरलं नव्हतं.

मंगळवारी मॅडमनी आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. “सोनं आहे हे! एकाच ऑपरेटरच्या हातून, आठवड्यातल्या ठरावीक दोन दुपारीच गुणवत्ता घसरते. कुणी असं मोजलंच नसेल. कोण आहे ही?”

ताईंनी आकड्यांचे कागद गोळा करायला घेतले.

मॅडमना काय कळायचं ते कळलं. त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, प्रबंधात नावं नसतात. ऑपरेटर अ, ऑपरेटर ब, ऑपरेटर क. तुम्ही ब. कुणाला काही कळणार नाही, आणि तुम्ही खोटंही काही लिहिलेलं नसेल.”

केवढा सोपा मार्ग. खोटं न बोलता सुटायचं आणि वर पहिल्या वर्गात पास व्हायचं. ताई तीन दिवस ऑपरेटर ब होऊन राहिल्या. त्यांनी दोन प्रकरणं लिहिलीसुद्धा. ‘ऑपरेटर ब च्या बाबतीत असे आढळले की’ असं लिहिताना एखादी परकी, बेजबाबदार बाई डोळ्यांपुढे यायची आणि तिचा रागही यायचा. पण एकतीस नावांना अ-ब-क नव्हतं. त्यांना वय होतं, पत्ता होता, फोन नंबर होता. शुक्रवारी ताई क्लासला गेल्या नाहीत. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं.

साहेबांनी यादी उलटी करून ठेवली. “चार-पाच महिने झाले, बाई. कुणाला त्रास झाला असता तर बोंब मारत आला असता.”

“मूत्रपिंड बोंब मारत नाही, साहेब. म्हणून तर तपासतो आपण.”

“हे लेखी देणार आहात?”

“दिलंय. यादीखाली आहे.”

“मग खुर्ची विसरा.” ते रागावले नव्हते, थकले होते. “फोन करा सगळ्यांना. पण नेहमीची फेरतपासणी आहे, मोफत आहे, एवढंच सांगायचं. चूक हा शब्द तोंडातून निघता कामा नये. हॉस्पिटलला कोर्टात उभं करायचं नाहीये मला.”

खुर्ची गेली हे ऐकून फार वाईट वाटेल असं ताईंना वाटलं होतं. वाटलं, पण रांगेत ते दुसरं होतं; पहिली होती ती यादी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या फोन घेऊन बसल्या. पाचव्या फोनला वावटळ डबा घेऊन आली आणि उभी राहून ऐकू लागली. लॅबमध्ये बातमी तोवर कर्णोपकर्णी झाली होती.

“ताई, निम्मी नावं द्या इकडे.”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. “हा प्रोजेक्ट मी तुझ्या चुका काढायला घेतला होता ग.”

“माहीत होतं मला,” वावटळ म्हणाली आणि डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधू लागली. “सगळ्यांनाच माहीत होतं. द्या इकडे, खालची सोळा मी करते.”

एकतिसांतले बावीस जण आले. सोळा जणांचं ठीक निघालं. पाच जणांचं थोडं चढलेलं होतं, त्यांना साहेबांनी डॉक्टरकडे पाठवलं. ‘नेहमीची फेरतपासणी’ हे शब्द ताईंना आता पाठ झाले होते. ते म्हणताना त्यांना स्वतःची लाज वाटायची, पण त्या म्हणत होत्या.

बाविसावे एक टेलर होते. सत्तरी गाठलेले, खांद्यावर उसवलेल्या शर्टाला बारीक टाके. ते भलतेच खूश होते. “आजकाल कोण एवढी चौकशी करतं? घरी म्हटलं, बघा, लॅबमधून आपणहून फोन आला.” पायाने शिलाई मशीन चालवून चालवून गुडघे गेले होते त्यांचे. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरने किडनी तपासून घ्यायला सांगितलं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गुडघ्यांच्या जालीम गोळ्या सुरू केल्या. रोज दोन. “फार गुण आला हो,” ते म्हणाले. “परत मशीनवर बसायला लागलो.”

ताईंनी रक्त घेतलं. कंट्रोल लावला, पहिल्याच खेपेला बरोबर आला. मग टेलरांचा नमुना. आकडा आला दोन पॉइंट नऊ. त्यांनी बाटली पाहिली, रीएजंट पाहिलं, आणि एकदा, फक्त एकदा, पुन्हा लावला. दोन पॉइंट नऊ.

त्या बाहेर आल्या तेव्हा टेलर बाकावर बाही दुमडलेली तशीच ठेवून बसले होते. ताई शेजारी बसल्या. गोळ्या आजपासून बंद, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं, मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. टेलरांनी रिपोर्ट डोळ्यांजवळ धरून पाहिला.

“म्हणजे तेव्हा चांगली होती, आता बिघडली. माझंच चुकलं. मुलगी सांगत होती, बाबा, इतक्या गोळ्या खाऊ नका.”

ताईंना नुसती मान हलवायची होती. म्हातारा स्वतःच्याच डोक्यावर खापर फोडून घेऊन निघाला होता. साहेबांची अटही पाळली गेली असती.

“नाही,” ताई म्हणाल्या. “तेव्हाही चांगली नव्हती. तो रिपोर्ट चुकला होता. मी चुकवला. मशीन बरोबर चालत नव्हतं ते मला दिसलं होतं, पण थांबले नाही मी. मला क्लासला जायचं होतं.”

टेलरांनी रिपोर्टची घडी घातली. समोरच्या खिडकीवर लोक नेहमीसारखे रिपोर्ट घेत होते.

“कसला क्लास?”

“मशीन बरोबर सांगतंय की चूक, ते कसं ओळखायचं, हे शिकवतात तिथे.”

ते ताईंकडे पाहत राहिले. मग हळूहळू बाही खाली घेतली आणि बटण लावायला लागले. बटण काजात जाईना. आयुष्यभर लोकांना काजं करून दिलेला माणूस. ताईंनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी आपला हात बाजूला घेतला.

“मग, पास झालात?” त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. घरातल्या पोरीला विचारावं तसं विचारलं, आणि तेच ताईंना सोसलं नाही.