खुर्चीचं भाडं

"खुर्ची आधी! खुर्ची जाऊ दे, टीपॉय मागून," विशाखा मागच्या दारातून कुजबुजली आणि वेणी मागे टाकून पुढच्या दाराकडे पळाली.

मागच्या बोळात तिच्या आईनं, सरुबाईनं, घडीची लोखंडी खुर्ची डोक्यावर घेतली. तिच्यामागे भागीबाई निघाली, तान्हं पोर घ्यावं तसा रेडिओ पोटाशी धरून. गटारावरच्या फरशा डगमगत होत्या. भिंतीवरचं घड्याळ आणि सहा कपबशा आधीच पुढच्या खोलीत पोचल्या होत्या.

पुढच्या बाजूला, ओट्यावर, खैरनार साहेब ओला रुमाल मानेवर टाकून उभे होते. सरकारी वसाहतीच्या अठरा खोल्यांची पाहणी करून प्रत्येकीचं नवं भाडं ठरवायला ते सकाळीच आले होते. आतापर्यंत चार खोल्या आणि चार कप चहा झाला होता.

"साहेब, हा आमचा नळ," विशाखा म्हणाली. "सकाळी एक तास पाणी येतं. म्हणजे तासभर म्हणतात, पण मी घड्याळ लावून बघितलंय, चाळीसच मिनिटं!"

"हे तू मघाशी सांगितलंस."

"हो का? मग हे सांगितलं का, की आमच्या वसाहतीतून दहावीला पहिल्यांदाच मुलगी बसणार आहे? ती मीच."

साहेबांना हसू आलं. तेवढ्यात पाचव्या खोलीतून खुर्ची उलगडल्याचा आवाज आला आणि विशाखानं हात पुढे करून म्हटलं, "चला ना साहेब."

सगळी कल्पना तिचीच. वसाहतीत पाहुण्यांचं सामान असं एकच होतं. वर्गणी काढून घेतलेलं. कुणाची मुलगी बघायला माणसं आली, की खुर्ची, टीपॉय, घड्याळ, रेडिओ, कपबशा त्या घरी जायच्या. पाहुणे द्वारका नाक्यावर बसमध्ये चढले, की परत यायच्या. "तीन जावई त्या एका रेडिओवर फसलेत," असं भागीबाई म्हणायची आणि पहिला जावई तिचाच होता. मग गेल्या आठवड्यात पाहणीची नोटीस लागली आणि कुणीतरी उठवलं, की जे गबाळे राहतात त्यांच्या खोल्या काढून घेणार. बाया घाबरल्या. विशाखा नळावरच्या कट्ट्यावर चढून म्हणाली होती, "घाबरायचं काय? साहेब म्हणजे पाहुणाच की! आपण नीट राहतो हे दिसलं म्हणजे झालं." महिन्यापूर्वी तिनं शाळेत वक्तृत्वाचा कप जिंकला होता. तेव्हापासून तिचं बोलणं मोठी माणसंही ऐकून घ्यायची. काल दिवसभर प्रत्येक घरात घड्याळासाठी खिळा ठोकला गेला.

पाचव्या खोलीत साहेब खुर्चीत बसले. माणसं किती, मिळवतं कोण, हे विचारून झालं. मग त्यांनी मान वर करून खोलीभर नजर फिरवली आणि शिसपेनीनं कागदावर भराभर खुणा केल्या. विशाखा खोल्यांच्या नावांची यादी धरून त्यांच्या खांद्यामागे उभी होती. आतापर्यंत तिनं कागदाकडे पाहिलंच नव्हतं. तिचं सगळं लक्ष मागच्या दाराकडे.

आता पाहिलं.

'खुर्ची २. टेबल २. भिंतीवरील घड्याळ २. रेडिओ ३.' खाली बेरीज. बेरजेपुढे चौकोन, चौकोनात 'अ'.

"साहेब, हे 'अ' म्हणजे?"

"वर्ग. ऐपतीप्रमाणे भाडं लावायचं, असं ठरलंय. 'अ' म्हणजे पंचेचाळीस रुपये, 'ब' तीस, 'क' पंधरा. न्यायाचंच आहे. ज्याला झेपतं त्यानं जास्त द्यावं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्याकडे बरीच ऐपत दिसते. मला वाटलं होतं, सगळे 'क' निघतील."

विशाखानं हातातल्या यादीकडे पाहिलं. आज सगळे बारा रुपये भरत होते, तेही रडतखडत. तीन महिने भाडं थकलं की खोली खाली करावी लागे. दोन वर्षांपूर्वी तसं एक बिऱ्हाड हातगाडीवर सामान टाकून गेलेलं तिनं पाहिलं होतं.

ती खोकली. जोरात, दोनदा. मागच्या दाराबाहेर आईनं ते ऐकलं, पण तिला वाटलं, पोरगी घाई करायला सांगतेय. साहेब उठून पाठमोरे होताच टीपॉय मागच्या दारातून सरकला. साहेब ओट्यावर आले तोवर खुर्चीही गेली होती.

सहावी खोली कुसाबाईची.

कुसाबाई एकटी राहायची. विड्या वळायची. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी झालेली. महिन्याचे सत्तर रुपये सुटले तर खूप. आज तिनं सुपं, पानं, तंबाखू सगळं गोधडीखाली झाकून ठेवलं होतं, धुवट लुगडं नेसली होती आणि रेडिओशेजारी अशी उभी होती, की जणू फोटोच काढायचाय.

"बसा साहेब. खुर्चीवर बसा."

साहेब बसले. "मिळवतं कोण?"

"मीच."

"रेडिओ चांगला आहे."

कुसाबाईचा चेहरा उजळला. "मालकांनी घेतला व्हता. वारले त्याच्या आदल्या दिवाळीला. त्यांना लय नाद."

विशाखानं डोळे मिटले. हे तर कुणी शिकवलंही नव्हतं. साहेबांची शिसपेन कागदावर टेकली. दोन. दोन. दोन.

"साहेब," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "ती खुर्ची कुसामावशीची नाही. काहीच मावशीचं नाही."

शिसपेन थांबली.

"इशाखे!" कुसाबाई ओरडली. "डोकं फिरलं काय तुझं? साहेब, तिच्याकडं नका बघू. शाळा शिकून पोरी अशा व्हत्यात. माझीच हाय खुर्ची."

"मावशी, त्याला गुण आहेत. खुर्चीचे दोन, घड्याळाचे दोन..."

"मंग चांगलंच की! जास्त गुण मिळाले तर तुझ्या पोटात का दुखतं?"

"जास्त गुण म्हणजे जास्त भाडं, मावशी. पंचेचाळीस रुपये!"

कुसाबाईचं तोंड उघडं राहिलं. तिनं साहेबांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. पण मालकांचा म्हटलेला रेडिओ आता नाही कसा म्हणायचा?  तिचा हात रेडिओवर होता, तो तिनं हळूच काढून घेतला.

साहेबांनी मागची पानं उलटली. पहिली खोली, दुसरी, तिसरी. प्रत्येक पानावर एक खुर्ची, एक घड्याळ, एक रेडिओ.

"खुर्ची कुणाची?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"सगळ्यांची."

"सगळ्यांची असा रकाना नाही."

"पण खरंच सगळ्यांची आहे. वर्गणी काढून..."

"ऐक बाळ. मी डोळ्यांनी पाहिलेली वस्तू मला कुठंतरी धरावी लागते. एका घरात धरली तर बाकीच्यांच्या कागदावरून खोडता येईल. नाहीतर आहे तशी प्रत्येक घरात राहील. बोल, कुणाच्या घरात धरू?"

पुढच्या दारात आता सात-आठ बायका जमल्या होत्या. भागीबाई बोळातून वळसा घालून तिथंच आली होती. विशाखानं एकेकीकडे पाहिलं. कुणी पदर नीट केला, कुणी मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नळावर तिच्या बोलण्याला टाळ्या वाजवणाऱ्या याच.

"आमच्या," ती म्हणाली. "खोली नंबर तीन. कोंडाजी यांची."

"वडील कुठंयत?"

"पोस्टात. शिपाई आहेत."

"मग तुझ्या शब्दावर मी एवढं कसं खोडू? घरच्या मोठ्या माणसाची सही पाहिजे."

मागचं दार करकरलं. खुर्ची न्यायला उभी असलेली सरुबाई आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. विशाखाला आईकडे पाहवेना. ती जमिनीकडे पाहत राहिली, जिथं सारवलेल्या जमिनीवर आईची पावलं येऊन थांबली.

"किती पडंल आमाला?" सरुबाईनं विचारलं.

"पंचेचाळीस. वर्षभर. वर्षानं पुन्हा पाहणी होईल."

"आन यांना?"

"बहुतेकांना पंधरा."

सरुबाईनं कुसाबाईकडे पाहिलं. कुसाबाई गोधडीखालच्या सुपांकडे पाहत होती. बाहेर कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि कुणीही त्याला गप्प करेना.

"सही येत नाय मला," सरुबाई म्हणाली.

विशाखाला वाटलं, संपलं.

"अंगठा चालंल का?"

साहेबांनी शाईची डबी उघडली.

उरलेल्या बारा खोल्या त्यांनी पोत्यावर, गोधडीवर, कुठं उंबऱ्यावर बसून लिहिल्या. विशाखा यादीतली नावं वाचत गेली, वर्गात हजेरी घेतात तशी, पुढेमागे एक शब्दही न बोलता. चहा कुणी विचारला नाही.

संध्याकाळी कोंडाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि पाय धुतले. "पोरीनं बोलून टाकलं ना? मंग झालं," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो बसचे पैसे वाचवायला पोस्टापर्यंत चालत जायला लागला. खुर्ची आणि बाकीचं सामान तीन नंबरमध्ये आलं आणि तिथंच राहिलं. भागीबाईच्या धाकटीला बघायला चांदवडची माणसं आली, तेव्हा सरुबाईनं कपबशा घासून ठेवल्या होत्या. पण न्यायला कुणी आलं नाही. माणसं घोंगडीवर बसली. ज्यांचं भाडं पंधरावर राहिलं, त्याच तीन नंबरवरून जाताना मान खाली घालायच्या. उपकारासारखं जड काही नसतं, असं विशाखानं वहीत लिहिलं आणि खोडून टाकलं. कुसाबाई तर तिच्याशी बोलायचीच नाही. नळावर विशाखाचा हंडा आला, की आपला काढून घ्यायची.

नवं भाडं भरायच्या आदल्या दिवशी सरुबाई चुलीपाशी डब्यातले पैसे मोजत होती. तिसऱ्यांदा मोजले तरी ते तेवढेच भरले. विशाखा भूमितीचा अभ्यास करत होती, म्हणजे तासभर तिनं एकच वर्तुळ काढलं होतं. एवढ्यात दारात सावली पडली.

कुसाबाई होती. ती आत आली, खुर्चीपाशी गेली आणि कनवटीची गाठ सोडून तिनं खुर्चीच्या पत्र्यावर एक रुपया आणि काही नाणी ठेवली. पत्रा वाजला.

"हे काय गं?" सरुबाईनं विचारलं.

"खुर्चीचं."

"कुसा, खुर्ची काय माझी हाय? उचल ते."

"मंग कोणाची? साहेबाच्या कागदात तुझं नाव हाय." कुसाबाईनं नाणी पुन्हा एका ओळीत लावली. "आमी सतरा बिऱ्हाडं. पंधराच्या वर चढलेले तीस. भागीनं हिशेब केला, पावणेदोन येतात एकीला. बाकीच्या येतील आज-उद्या. लाजतात मेल्या."

 चुलीवरचं भांडं उतू जात नव्हतं, तरी सरुबाईनं ते उतरवलं.

कुसाबाई मग विशाखाकडे वळली. महिन्याभरात पहिल्यांदाच. "ए भाषणवाले. पावती दे."

"पावती?"

"पैसे दिले की पावती देत्यात. कचेरीत देत्यात, तू का नाय?"

विशाखानं वहीचं पान फाडलं. तारीख घातली, रक्कम घातली, मावशीचं नाव लिहिलं. 'कशाबद्दल' पाशी तिचा पेन अडला. दोन महिन्यांपूर्वी तिला इथं दहा वाक्यं सुचली असती.

"लिही की. आज तोंड बंद झालं का तुझं?"

"काय लिहू, मावशी?"

"लिही, कुसाबाईच्या हिश्श्याचे."

विशाखानं लिहिलं. कुसाबाईनं कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. वाचता येत नव्हतं, तरी पूर्ण पाहिला. घडी घालून कनवटीला लावला. मग नाणी गोळा करून सरुबाईच्या हातात दिली, खुर्ची जराशी पुढं ओढली आणि तिच्यावर बसली, पाठ टेकून.

"चहा टाक, सरू," ती म्हणाली. "त्याच कपात दे."