काय व्हायला हवं होतं

मेहुणीचा फोन आला तेव्हा भिंत्या एका भिंतीवर चालून जात होता.

ते त्याचं कामच होतं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत तो सतरा वर्षं टेस्टर होता, म्हणजे गेम बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारा. गेममधल्या माणसाला घेऊन प्रत्येक भिंतीवर आपटायचं, तो कुठे आरपार जातो का ते बघायचं. प्रत्येक दार ढकलायचं, प्रत्येक पिंपावर चढायचं. म्हणून ऑफिसात त्याचं नाव भिंत्या पडलं होतं. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर.

“भावोजी,” मेहुणी म्हणाली. “ताई दुकानातच... मशीनवर बसल्या बसल्या. डॉक्टर येईपर्यंत काही उरलंच नव्हतं.”

त्याची बायको कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे उसवून, आवळून, लांब-आखूड करून द्यायची. सकाळी निघताना तिने त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण बघितलं होतं आणि म्हणाली होती, “संध्याकाळी लावते, आता हात नका लावू.”

तो तसाच उठला आणि निघाला. कंट्रोलरच्या दांडीला रबर बँड लावलेला होता. टेस्टर लोक असं करतात, म्हणजे हाताने दाबून धरावं लागत नाही, माणूस आपोआप चालत राहतो. तो काढायचं त्याला सुचलं नाही. तीन आठवड्यांनी कामावर परत आला तेव्हा शेजारच्या टकल्याने सांगितलं, की स्क्रीनवरचा माणूस दोन दिवस त्या भिंतीवर चालत होता. मग झाडूवाल्या बाईंना बघवेना, त्यांनी बटण बंद केलं.

टकल्याच्या डोक्यावर करकरीत काळे केस होते. नाव कसं पडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. दोघं बारा वर्षं एकाच टेबलाला बसत होते.

कंपनीचा एकच गेम होता म्हटलं तरी चाललं असतं. भाग मात्र नऊ. पहिल्यात नायक लोहार होता, तिसऱ्यात सैनिक, सहाव्यात त्याला अंतराळात पाठवला. पण कुठेही पाठवा, गाव तेच. तीच विहीर, तीच पिंपं, तोच चढायचा बुरूज, शेवटी तोच दोन डोक्यांचा राक्षस, फक्त रंग बदललेला. आणि प्रत्येक भागात पहिल्या दहा मिनिटांत नायकाची बायको मरायची. कधी बाण लागून, कधी आगीत, कधी साथीच्या तापाने. मग नायक गुडघ्यावर बसून चौदा सेकंद रडायचा आणि सूड घ्यायला निघायचा. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नसे.

तिसऱ्या भागापासूनच्या त्या सगळ्या बायकांचं अंग भिंत्याच्या बायकोचं होतं.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या भागासाठी एका खऱ्या बाईच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपून गेममधल्या बाईला द्यायच्या होत्या. हॉल एकाच दिवसासाठी मिळाला होता आणि ठरवलेली नटी आलीच नाही. तेव्हा भिंत्याने घरी फोन केला. बायको गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून धावत आली. तिला काळा घट्ट पोशाख घातला, अंगभर पांढरे गोळे चिकटवले.

“अहो, मी काय लिंबाचं झाड दिसते का?” ती म्हणाली.

दिवसभर ती चालली, बसली, पाणी शेंदलं, दार लावलं, जमिनीवर पडली. दार लावल्यावर तिने ते तळहाताने दोनदा ढकलून बघितलं. घरच्या दाराची कडी नीट बसत नसे, त्याची ती सवय. टिपणारे म्हणाले, पुन्हा करा, ढकलू नका. तिने पुन्हा केलं आणि पुन्हा दोनदा ढकललं. शेवटी त्यांनी तसंच ठेवलं. आणि एकदा टिपलेलं असल्यावर नवीन कोण कशाला टिपतंय? तेव्हापासून प्रत्येक भागातली प्रत्येक बाई, राणी असो की चेटकीण, दार लावलं की दोनदा ढकलते. पाचव्या भागातली चेटकीण तंबूत राहते. तिला दारच नाही. ती पडदा दोनदा ढकलते.

नवा भाग आला की दोघं घरी बसून बघायचे आणि हसून हसून पोट दुखायचं. फक्त मरायचा प्रसंग आला की ती म्हणायची, “दरवेळी मलाच का मारता हो? एकदा त्याला मारा की. मी जाते घोड्यावर बसून.”

“लोकांना हेच आवडतं म्हणतात.”

“लोकांनी दुसरं बघितलंय कधी?”



कामावर परतल्या दिवशी विभागाच्या बाईंनी त्याला आत बोलावलं. बाई मनाने वाईट नव्हत्या. “पहिली दहा मिनिटं मी दुसऱ्या कुणाला देते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही राक्षस घ्या.”

“नको बाई. सगळीकडे तीच आहे. राक्षसाच्या आधी ती राणी येतेच की.”

बाईंनी कॅलेंडर जवळ ओढलं. “बरं. पण शुक्रवारी बारापर्यंत मला लागेल. चूक असेल तर फॉर्म, नसेल तर सही. नियम माहीत आहेच तुम्हाला. आठव्या भागात नव्हतं आणि नवव्यात दिसलं, तर ती चूक.”

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला खाली गेले. भिंत्याला खाली जाऊन लोकांच्या चेहऱ्याकडे बघायचं नव्हतं. त्याने डबा टेबलावरच उघडला. स्क्रीनवर बायको नुकतीच पडली होती, विहिरीजवळ, घराच्या दारापासून चार पावलांवर. या वेळी भाला. नायकाचं रडून झालं. रस्त्यावर पिवळा बाण चमकायला लागला, इकडे चला, इकडे चला. बाण चमकला की सगळे जातात. टेस्टरसुद्धा जातात, कारण मागे काही नसतं. भिंत्याने कंट्रोलर बाजूला ठेवला. तिला तिथं टाकून घोड्यावर बसायला त्याचा हात उठेना. आपण खरोखरीच्या वेळी पोचलो नव्हतो, आता निदान डबा संपेपर्यंत बसू, एवढंच त्याच्या मनात होतं.

वारा वाहत होता. दर चाळीस सेकंदांनी तोच कावळा डावीकडून उजवीकडे जात होता. अकरा मिनिटं झाली असतील. कावळा यायची वेळ झाली आणि आला नाही.

मग ती उठली.

झटकन नाही. आधी कुशीवर वळली, उजवा हात जमिनीला टेकला, डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबला आणि जोर देऊन उभी राहिली. झग्याची माती झटकली. सावकाश दाराकडे गेली, आत शिरली, दार लावून घेतलं. दार आतून दोनदा हललं.

भिंत्याचा घास हातातच राहिला.

ते दार नुसतं रंगवलेलं होतं. त्याच्यामागे खोली नव्हती, जमीनही नव्हती. सकाळीच तो त्याच्यावर तीसेक वेळा आपटला होता. पण तो हादरला ते दारामुळे नाही. हालचाली टिपल्या त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा तिचे गुडघे ठणठणीत होते. गुडघा दुखायला लागला तीन वर्षांपूर्वी, दुकानाच्या जिन्यावरून घसरली तेव्हापासून. ही अशी डावा हात दाबून उठणारी बाई कुणी टिपलेली नव्हती. ती फक्त त्याने बघितलेली होती. रोज सकाळी, पलंगाच्या कडेला.

बुधवारी त्याने घड्याळ लावून बघितलं. अकरा मिनिटं. कावळा आला नाही आणि ती उठली. या खेपेला उंबऱ्यावर थांबली आणि मागे वळून बघितलं. नायक डावीकडे उभा होता, त्याच्याकडे तिने बघितलंच नाही. सरळ समोर, स्क्रीनबाहेर बघितलं, घरातून निघताना मागचं माणूस येतंय की नाही बघावं तसं. आणि आत गेली.

रात्री त्याने घराचं दार लावलं. हात आपोआप पुढे झाला. मग त्याने तो मागे घेतला.

गुरुवारी दुपारी त्याने टकल्याला थांबवून घेतलं.

“काय रे, आज खाली नाही यायचं?”

“बस. बारा मिनिटं. बोलू नकोस.”

“बारा मिनिटं मी न बोलता? तू माझ्या घरी विचार, लग्नातसुद्धा मी मध्ये बोललो होतो.” पण भिंत्याचा चेहरा बघून तो बसला. बाई पडली, नायक रडला, बाण चमकला. टकल्या दोनदा उठला. दोन्ही वेळा भिंत्याने त्याला बाही धरून खाली बसवलं.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, वळून बघितलं. आत गेली. दार दोनदा हललं.

टकल्या खाकरला. “कापायचं राहिलं असेल. जुनं काहीतरी. टिपलं त्या दिवशी पडल्यावर वहिनी उठल्याच असतील ना?”

“उठली होती. हसत, टुणकन. मी तिथंच होतो.”

“मग वर गेम बनवणाऱ्या पोरांनी मुद्दाम...”

“गेल्या नऊ भागांत त्यांनी एक पिंप नवीन केलंय का?”

टकल्याने डोक्यावरून हात फिरवला. हळूच म्हणाला, “वहिनी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या तेव्हा सतरंजीवरून अशाच उठल्या. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू द्या, आता सवय झालीय.” त्याने खुर्ची मागे सरकवली. स्क्रीनपासून जरा लांब. “भिंत्या, फॉर्म भर.”

“भरला की वर जाणार. संध्याकाळपर्यंत काढून टाकतील.”

“मग नको भरू. सही कर. कोण अकरा मिनिटं थांबणार आहे? माणसं बाण दिसला की पळतात.”

“तेच तर.” भिंत्या म्हणाला. “लाखो घरांत जाईल हा गेम. प्रत्येक घरात ती पडणार, सगळे निघून जाणार. आणि नंतर ती उठून मागे बघणार, कोणी येतंय का. एकटी. प्रत्येक घरात.”

“तसं नसतं रे. कोणी बघत नसेल तर गेममध्ये काहीच घडत नसतं. तूच शिकवलंस मला.”

“हो. शिकवलं खरं.”

टकल्या उठला. दारापाशी जाऊन थांबला. “मी भरला असता तुझ्याऐवजी. पण माझ्या हातानं नाही व्हायचं ते. आणि सहीही नाही.” तो खाली गेला. त्या दिवशी तो जेवला नाही असं नंतर कळलं.

शुक्रवारी सकाळी भिंत्या सगळ्यांच्या आधी आला. त्याने फॉर्म उघडला. चूक कळवायचा फॉर्म साधा असतो. दुसऱ्या टेस्टरला तीच चूक पुन्हा बघता आली पाहिजे, म्हणून आधी पायऱ्या लिहायच्या. मग दोन रकाने. पहिला, काय झालं. दुसरा, काय व्हायला हवं होतं. दुसरा रकाना रिकामा ठेवून फॉर्म पुढे जातच नाही, कारण वरच्या लोकांना तो वाचूनच दुरुस्ती करायची असते. सतरा वर्षांत त्याने असे हजारो फॉर्म भरले होते. माणूस भिंतीतून आरपार गेला. भिंतीपाशी थांबायला हवा होता. पिंप हवेत तरंगलं. जमिनीवर राहायला हवं होतं.

पायऱ्या त्याने लिहिल्या. खेळ सुरू करा. बायको मरेपर्यंत खेळा. बाण चमकला तरी जाऊ नका. थांबा.

पहिल्या रकान्यात लिहिलं: अकरा मिनिटांनी बायको उठते. डाव्या गुडघ्यावर हात ठेवते. दारापाशी थांबून वळून बघते. आत जाऊन दार लावते, दोनदा ढकलते.

मग तो दुसऱ्या रकान्यावर आला. तिथं काय लिहायचं ते त्याला माहीत होतं. नवशिक्या टेस्टरलाही माहीत असतं. बायको मेलेली राहायला हवी होती. पाच शब्द.

त्याने बोटं अक्षरांवर ठेवली. शर्टाचं ते बटण अजून लोंबतच होतं, एका दोऱ्यावर. शेजारच्या स्क्रीनवर खेळ चालू होता. त्याने तो कधी सुरू केला ते त्याला आठवेना. ती विहिरीजवळ पडलेली होती. कावळा गेला. चाळीस सेकंदांनी पुन्हा गेला.

साडेअकराला बाईंनी दारातून डोकावून विचारलं, “झालं का?”

“होतंय.”

“फॉर्म आहे की सही?”

त्याने खुर्ची जरा बाजूला सरकवली. बाईंनी त्याच्या स्क्रीनकडे बघितलं, मग शेजारच्या स्क्रीनकडे बघितलं, आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या दार हळूच ओढून घेऊन निघून गेल्या.

कावळा यायची वेळ झाली आणि आला नाही. ती उठली. उंबऱ्यावर थांबली, वळली, समोर बघितलं. या वेळी ती आत गेली नाही. दार धरून तशीच उभी राहिली. एक हात दारावर, मान किंचित कललेली, भिंत्या चपला घालायला उशीर लावायचा तेव्हा उभी राहायची तशी.

बारा वाजून गेले. ती अजून दारात उभी आहे. दुसरा रकाना भरायचा राहिला आहे.