सिक्स्टेनच्या सीटवरची पेटी

मी एक विजेवर वाजणारी पेटी. ऑर्गन म्हणा हवं तर, पण फार मान देऊ नका. प्लग काढला की मी नुसतं टेबल. लोक माझ्यावर कॉफीचे कप ठेवतात. जन्म इटलीतला, पण वाजले ती सगळी स्वीडनमध्ये, दालार्ना भागातल्या नाचांना.

मला रागनारनं घेतलं. 'रागनार्स' हा त्याचा बँड. दर शुक्रवारी त्यांची बस दारोदार थांबून एकेकाला उचलायची आणि नाचाच्या गावी जायची. अकॉर्डियनवर सिक्स्टेन, वयानं सगळ्यांत मोठा. रागनारला सूर त्यानंच शिकवलेले. पण रेकॉर्ड काढणारे म्हणाले, "अकॉर्डियन म्हाताऱ्यांचं झालं. नवा आवाज आणा." नवा आवाज म्हणजे अस्मादिक!

हे सिक्स्टेनला सांगायचं कुणी? आमची माणसं हातभर बर्फ फोडतील, पण कडू शब्द काही तोंडातून फुटायचा नाही. त्या शुक्रवारी बस त्याच्या फाटकाशी थांबलीच नाही. त्याच्या सीटवर मी होते, पट्ट्यानं बांधलेली, नव्या नवरीसारखी ऐटीत.

मग आमचं गाणं रेडिओवरच्या रविवारच्या यादीत चढलं. श्रोत्यांच्या मतांवर ठरते ती यादी. घरोघरी कॉफी आणि दालचिनीचे बन पुढ्यात घेऊन ऐकतात. आधी तळाला, मग मधे, मग थेट पहिलं! आमची गायिका गुनवोर आनंदानं नाचली. रागनार मात्र यादी लागली की लाकडं फोडायला बाहेर जायचा. मी त्याच्या बैठकीत असते, मला दिसायचं. एवढी लाकडं त्या घराला कधीच लागली नव्हती.

जूनमध्ये नाच ठरला तो नेमका सिक्स्टेनच्या गावच्या बागेत. संध्याकाळ लख्ख उजेडाची. आमच्याकडे गाणी जोडीनं वाजतात: एका जोडीदाराबरोबर दोन नाच, मग आभार मानून हात सोडायचा आणि बँडनं दम घ्यायचा. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं, तेवढ्यात बायकोचा, वियोलाचा हात धरून सिक्स्टेन नाचायला उतरला. आजवर तो स्टेजवर असायचा, त्यामुळे बिचारीला त्याच्याबरोबर कधी नाचायलाच मिळालं नव्हतं.

त्याला पाहताच रागनार माझ्या पट्ट्यांवर आणखी वाकला. दुसरं गाणं संपलं. आता थांबलं तर सिक्स्टेन समोर येणार! रागनारनं तिसरं सुरू केलं. मग चौथं.

खाली नाचणाऱ्या जोड्यांत गोंधळ. तिसऱ्याला हात न सोडणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ साखरपुडा!

"अरे, मी हिला नुसतं रीत म्हणून विचारलं होतं!"

"मग मी काय हौसेनं आले? माझा नवरा बघतोय तिकडून!"

गुनवोर माइक झाकून कुजबुजली, "रागनार, डोकं ठिकाणावर आहे ना? घसा फाटला माझा."

"एकच अजून."

शेवटी सिक्स्टेनच स्टेजपाशी आला. "रागनार, सोड रे लोकांना. वियोलाच्या पायांचे तुकडे पडले."

मी गप्प झाले. जोडप्यांनी असे हात सोडले, की चटका बसला म्हणावं.

"सिक्स्टेन, त्या शुक्रवारी..."

"उभा होतो मी फाटकाशी. तू मान वळवलीस. मला वाटलं, विसरला असेल, वळून येईल. हिनं दोनदा कॉफी गरम केली."

रागनार स्टेजवरून खाली उतरला. "पुढच्या शुक्रवारी थांबवतो बस. येशील?"

"नाही." सिक्स्टेननं त्याच्याकडे पाहिलं. "पण थांबव."

गाणं यादीतून कधीच उतरलं. आता तिथं दुसऱ्यांची गाणी वाजतात. पण दर शुक्रवारी बस त्या फाटकाशी थांबते. रागनार टोपी काढून खाली उभा राहतो. सिक्स्टेन बटाट्याच्या वाफ्यातून वर बघतो, कधी हात हलवतो, कधी नाही. कुणी चढत नाही. आम्ही पुढे निघतो.

मी सिक्स्टेनच्याच सीटवरून, खिडकीतून सगळं बघते. कधी आमच्या नाचाला आलात तर टाळ्या जरूर वाजवा. मला आवडतात, खोटं कशाला बोलू? पेटीला मान नसते तेवढं बरं, नाहीतर प्रत्येक टाळीला खाली घालावी लागली असती.